नाशकात भेटीची फुलं कुठून घ्यावीत? शहरात नव्याने आलेल्यांसाठी

नोकरीसाठी अंबड-सातपूरला, शिक्षणासाठी कॉलेज रोडला किंवा लग्न होऊन नाशकात आलेल्या माणसाला दूधवाला, गॅस एजन्सी, भाजी मंडई यांची माहिती शेजारी आपणहून देतात. फुलांचं कोणी सांगत नाही. मग कुणाच्या तरी वाढदिवसाला जायची वेळ येते, रस्त्यात दिसेल त्या दुकानातून बुके उचलला जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या गुलाबांनी माना टाकलेल्या असतात. मोगल काळात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं. आजही शेजारच्या दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीच्या पट्ट्यात पॉलिहाऊसमधला गुलाब पिकतो. इथे राहून कुणाला शिळं फूल देण्याची काही गरज नाही.

दुकान मोठं की छोटं, एसी की टपरी, यावर फार काही अवलंबून नसतं. फूल कधी तोडलं आणि तोडल्यापासून ते पाण्यात होतं की नाही, एवढ्या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. पुढच्या पायऱ्या त्या दोन गोष्टी ओळखण्यासाठी आहेत.

१. आधी माणूस आणि निमित्त ठरवा

निमित्त बदललं की दुकानही बदलतं. सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर दिलेला पुष्पगुच्छ पाच-दहा मिनिटं हातात राहतो, फोटोत येतो आणि टेबलावर जातो. तो भरगच्च दिसला पाहिजे. आठवडाभर टिकला नाही तरी चालतं. कुणी जेवायला बोलावलं म्हणून नेलेली फुलं मात्र त्या घरात चार-पाच दिवस राहणार असतात. तिथे आकारापेक्षा ताजेपणावर पैसे घाला.

घरात देवपूजा करणाऱ्या आजी-आजोबा असतील, तर सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या बुकेपेक्षा पुडीभर सोनचाफा किंवा परडीत घालायला सुटी फुलं नेलेली त्यांना जास्त आवडतात. ती देवाला वाहिली जाणार असतात, म्हणून वाटेत हुंगू नका आणि पुडी जमिनीवर ठेवू नका. हळदी-कुंकवाला गजरे आणि एकेक गुलाब लागतो. तिथे नग मोजून घ्या आणि दोन-चार जास्तीचे घ्या, आयत्या वेळी शेजारणी वाढतातच. डोहाळजेवणाची फुलांची वाडी, म्हणजे बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट वगैरे, हे वेगळं कसब आहे. बुकेच्या दुकानदाराला ते जमेलच असं नाही. हार-गजरे ओवणाऱ्यांकडे किमान दोन दिवस आधी सांगून, माप देऊन ठेवावं लागतं.

दवाखान्यात जाताना आधी फोन करून विचारा. अतिदक्षता विभागात फुलं नेऊ देत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी वॉर्डातही नको म्हणतात. परवानगी असेल तर वास नसलेली, थोडकी फुलं न्या. निशिगंध, मोगरा, लिली यांचा घमघमाट बंद खोलीत आजारी माणसाला सोसत नाही. त्याहून बरं म्हणजे माणूस घरी आल्यावर फुलं घेऊन जा. तेव्हा ती डोळ्यांना सुखावतात.

दुःखाच्या घरी रंगीत कागदातला गुच्छ नेऊ नये. हार किंवा पुष्पचक्र न्यावं, नाहीतर नुसतं जाऊन शेजारी बसावं.

२. मग ठिकाण निवडा

फूल बाजार. फुलांचा घाऊक व्यवहार जुन्या शहराच्या बाजूला, गोदाकाठाजवळ चालतो. सराफ बाजाराच्या परिसरात हा धंदा फार जुना. आता विचाराल तर बहुतेक जण तुम्हाला पंचवटीतल्या गणेशवाडीच्या फूल बाजाराकडे पाठवतील. रविवार कारंजाकडून होळकर पूल ओलांडला की पंचवटी लागते, तिथून कोणीही रस्ता सांगतं. सकाळी लवकर जा. आसपासच्या गावांतून शेतकरी कॅरेटमध्ये, जाळ्यांमध्ये माल आणतात. झेंडू, शेवंती, अष्टर, बिजली किलोवर विकले जातात. गुलाब, जरबेरा जुडीवर मिळतो. डच गुलाबाची, म्हणजे पॉलिहाऊसमधल्या लांब देठाच्या गुलाबाची, जुडी साधारण 20 फुलांची आणि जरबेऱ्याची 10 ची असते. दुकानात गुलाब नगावर विकतात, त्यामुळे घरी फुलदाणी असेल आणि स्वतः रचायची आवड असेल तर इथली जुडी बरीच स्वस्त पडते. दोन घरी फुलं द्यायची असतील तर हाच मार्ग.

पहिल्याच ठेल्यावर पैसे काढू नका. आधी एक फेरी मारा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. „माल आजचा का?” या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर येतं. त्यापेक्षा „भाऊ, कुठला माल?” असं विचारा. ज्याचा शेतकऱ्याशी थेट व्यवहार आहे तो चटकन गावाचं नाव घेतो, कितीच्या गाडीने आला तेही सांगतो. ज्याने कालचा उरलेला माल पुढे मांडलाय तो भावावर घसरतो: „घ्या ताई, तुम्हाला कमी लावतो.” बाजारात घासाघीस चालते, पण गजरे ओवून विकणाऱ्या मावशींशी पाच रुपयांवरून हुज्जत घालू नका. कळी कळी ओवायला किती वेळ जातो ते जरा तिथे उभं राहून बघा.

नदीजवळच्या या भागाबद्दल नव्या माणसाला एक गोष्ट माहीत असावी. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की गोदावरी काठ सोडते, आणि नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठपर्यंत बुडाली यावर नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. अशा दिवशी गोदाकाठच्या बाजारपेठेत जायचं धाडस करू नका. वरच्या भागातल्या दुकानदाराला फोन करा.

देवळाबाहेरचे ठेले. काळाराम मंदिर, रामकुंड, गंगापूर रोडला नवश्या गणपती, मुंबई नाक्याजवळ कालिका मंदिर: देवस्थान मोठं असो की गल्लीतलं, बाहेर फुलवाले असतातच. हार, गजरे, सुटी फुलं यांसाठी ही जागा उत्तम, कारण माल रोजच्या रोज खपतो. बुके मात्र इथून घेऊ नका. हाराच्या फुलाला देठ राखलेला नसतो, आणि देठ नाही म्हणजे पाणी नाही.

बुकेची दुकानं. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड, कुठेही राहा, जवळपास दोन-चार दुकानं सापडतील. निवड करताना पुढे मांडलेल्या तयार गुच्छांकडे बघू नका. नजर खाली बादल्यांवर न्या. पाणी नितळ आहे का? देठ पाण्यात किती बुडालेत? बादलीजवळ वाकल्यावर कुजकट वास येतो का? पाणी गढूळ, देठ बुळबुळीत असेल तर त्या दुकानातलं कुठलंच फूल टिकणार नाही. पाण्यातले जिवाणू देठाच्या नळ्या बंद करतात आणि पाण्यात उभं असूनही फूल तहानेने सुकतं. दुकानात फ्रीज असणं चांगलं, पण त्यात ऑर्किड ठेवलेलं दिसलं तर पाकळ्यांवर डाग आहेत का बघा. ऑर्किड उष्ण प्रदेशातलं फूल, त्याला गुलाबाइतका गारवा मानवत नाही.

चांगला दुकानदार आणखी एका गोष्टीने ओळखू येतो. „समोर बांधून द्याल का, फुलं मी निवडतो,” असं म्हटल्यावर तो बादली पुढे सरकवतो. जो म्हणतो „तयारच घ्या, सेमच असतं,” त्याच्याकडे थांबू नका.

थेट शेतावरून. लग्न, साठीशांत, वास्तुशांत अशा कार्यासाठी भरपूर फुलं लागणार असतील आणि ओळखीत कोणी दिंडोरीकडचं असेल, तर पॉलिहाऊसवाल्याशी बोलून पाहा. एका वाढदिवसासाठी हा खटाटोप करू नये. तिथे काढणी सकाळी लवकर होते, प्रतवारी होऊन जुड्या बांधल्या जातात आणि माल निघून जातो. मागाहून गेलेल्या माणसाच्या हाती उरलीसुरली प्रत येते.

नर्सरी. त्र्यंबक रोडवर आणि शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर नर्सऱ्या आहेत. नव्या घरात राहायला गेलेल्या माणसाला गुलाबाची किंवा मोगऱ्याची कुंडी द्यावी, पण आधी त्याच्या गॅलरीत ऊन येतं का याची चौकशी करा. ऊन नसेल तर गुलाबाची कुंडी नेऊ नका.

ऑनलाइन. देशभर फुलं पोचवणाऱ्या बऱ्याच वेबसाइट स्वतः नाशकात फुलं बांधत नाहीत. तुमची ऑर्डर इथल्याच एखाद्या दुकानाकडे जाते आणि मधलं कमिशन कापल्यावर उरलेल्या पैशांत तो दुकानदार गुच्छ बसवतो. म्हणून फोटोतला भरगच्च गुच्छ दारात येईपर्यंत विरळ होतो. तुम्ही नाशकातच असाल तर सरळ दुकानाला फोन करा, व्हॉट्सअॅपवर आज दुकानात असलेल्या फुलांचा फोटो मागवा आणि गुच्छ तयार झाल्यावर निघण्यापूर्वीचा फोटोही पाठवायला सांगा. बाहेरगावच्या नातेवाइकांना तुमच्याकडे फुलं पाठवायची असतील, तर त्यांनाही त्याच दुकानाचा नंबर द्या.

३. दिवस पाहून फूल बदला

फुलांचे भाव पंचांगावर चालतात. श्रावण, गणपती, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार आणि लग्नतिथी यांना भाव चढतात, पितृपक्षात उतरतात. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी झेंडू चढ्या भावाने विकला जातो आणि आवक जास्त झाली तर दसऱ्याच्या दुपारनंतर शेतकऱ्याला तोच मातीमोल भावात द्यावा लागतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लाल गुलाब महाग होतो. त्या आठवड्यात कुणाचा वाढदिवस असेल तर पिवळा किंवा केशरी जरबेरा, कार्नेशन घ्या. तेवढ्याच पैशांत गुच्छ दुप्पट होतो, आणि घेणाऱ्याला तारखेमुळे अवघडल्यासारखंही होत नाही.

हंगामाचं फूल नेहमीच जास्त ताजं असतं. उन्हाळ्यात मोगऱ्याचा बहर; त्या दिवसांत कुणाला काय न्यावं हा प्रश्नच पडू नये. थंडीत शेवंती आणि अष्टर. नाशिकच्या गारठ्यात शेवंती इतकी सुंदर टिकते की तिला नुसतं देवाचं फूल समजून बाजूला का ठेवतात, कळत नाही. पांढऱ्या आणि जांभळ्या शेवंतीची लांब देठाची जुडी पितळी तांब्यात ठेवली की बैठकीची खोली भरून जाते. भेट म्हणून ती गुलाबापेक्षा कितीतरी जास्त दिवस पुरते.

४. फूल हातात घेऊन बघा

इथे घाई करू नका. गुलाबाची जुडी घेऊन कागदाची घडी जरा उलगडा. पाकळ्यांवर बोट दाबायचं नाही; फुलाच्या बुडाशी, हिरव्या दलांच्या किंचित वर, अंगठा आणि तर्जनीने हलकेच चिमटीत धरायचं. टणक लागलं तर फूल ताजं. मऊ, पोकळ लागलं तर त्याने दोन-तीन दिवस काढलेले आहेत. मग मान बघा, म्हणजे फुलाच्या लगेच खालचा देठ. तो वाकायला लागला असेल तर कितीही सुंदर फूल असो, सोडून द्या. पानं करकरीत हिरवी हवीत. विक्रेत्याने सगळी पानं ओरबाडून काढली असतील तर ती पिवळी पडली होती का, असा संशय घ्यावा. सगळ्यात बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, चुरगळलेल्या दिसतात, त्याला घाबरू नका. त्या आतल्या फुलाला जपणाऱ्या पाकळ्या असतात, आणि त्या शाबूत असणं हीच चांगली खूण. जुन्या फुलाच्या बाहेरच्या पाकळ्या काढून काढून ते लहान झालेलं असतं.

कळी किती उमललेली घ्यावी? आज संध्याकाळच्या कार्यक्रमाला अर्धवट उमललेली, तीन दिवस पुरायला नुकती सुटू लागलेली. अगदी घट्ट, हिरवट कळी मात्र घेऊ नका, ती बहुधा उमलतच नाही.

जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि लवदार असतो, त्यामुळे तो लवकर वाकतो. दुकानदार त्यात तार घालतात किंवा प्लास्टिकची नळी चढवतात. तार असली म्हणून फूल वाईट असं नाही, पण तार काढल्यावर मान उभी राहते का हे विचारून घ्या. फुलाच्या मध्यभागी परागकण भरपूर पिवळे, भुरभुरीत दिसत असतील तर ते फूल जुनं. ग्लॅडिओलस आणि निशिगंधाची छडी खालून वर उमलत जाते. खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वर कळ्या, अशी छडी घ्या. लिली घेताना एखादी कळी उमललेली आणि बाकीच्या बंद, हे प्रमाण चांगलं. उमललेल्या फुलातले परागकोश दुकानदाराकडून काढून घ्या, नाहीतर त्यांचे तपकिरी डाग पांढऱ्या कपड्यावरून जात नाहीत. ज्यांच्याकडे जाताय त्यांच्या घरी मांजर असेल तर लिली अजिबात नेऊ नका. मांजराला ती विषारी असते, अगदी परागकण चाटले तरी.

निळा गुलाब निसर्गात नाही. निळा दिसला तर तो रंग पाजलेला किंवा फवारलेला आहे, आणि ओल्या हाताला लागतो. चमकी मारलेली फुलंही टाळलेली बरी, चमकीखाली काय झाकलंय ते दिसत नाही.

गजरा हातात घेतला की ओल तपासा. वजनाला जड, थेंब गळणारा गजरा संध्याकाळपर्यंत काळवंडतो. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी पांढऱ्या, मिटलेल्या कळ्यांचा गजरा दुपारी घ्यायचा आणि ओलसर कापडात गुंडाळून ठेवायचा. माळेपर्यंत कळ्या फुलतात आणि वास तेव्हाच सुटतो.

५. ऑर्डर कशी सांगायची

„पाचशेचा बुके द्या,” असं म्हणू नका. त्यात दुकानदाराला जे संपवायचंय तेच तुम्हाला मिळतं. असं सांगा: „दहा गुलाब, फिकट गुलाबी, बाकी हिरवी पानं आणि थोडी जिप्सी. सेलोफेन नको, कागदात बांधा. देठ लांब ठेवा.” (जिप्सी म्हणजे गुच्छात भरतात ती बारीक पांढरी फुलं.) मग किंमत विचारा. गुच्छ स्पंजमध्ये खोचून हवा की देठ मोकळे बांधून हवेत, हेही तुम्हीच ठरवा. स्पंजवाली टोपली टेबलावर छान दिसते, पण रोज वरून पाणी घालावं लागतं आणि ते बहुतेक घरांत राहून जातं. घरी द्यायला मोकळ्या देठांचा गुच्छ बरा. पोचल्यावर सरळ तांब्यात जातो.

लग्नसराईत किंवा सणाच्या दिवशी दोन दिवस आधी सांगा, थोडी आगाऊ रक्कम द्या, आणि गुच्छ कधी बांधायचा ती वेळही ठरवून घ्या. आदल्या रात्री बांधून ठेवलेला गुच्छ नको असं स्पष्ट बोला.

गुच्छ उघडल्यावर फुलं खराब निघाली तर लगेच फोटो काढून दुकानदाराला पाठवा आणि शांतपणे सांगा. धंदा सांभाळणारा माणूस बदलून देतो. टाळाटाळ करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. दोन-तीनदा चांगला अनुभव आला की तोच आपला नेहमीचा फुलवाला धरा. ओळख झाली की „आज गुलाब नका नेऊ दादा, जरबेरा ताजा आहे,” असं तो आपणहून सांगतो.

६. नेताना

नाशिकरोडहून गंगापूर रोडला दुचाकीवर जाताना वाऱ्याने फुलांचं जे होतं ते दुकानात कळत नाही. गुच्छ वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळा, फुलांचा भाग पूर्ण झाका, आणि स्कूटरवर पायाशी उभा धरून न्या. हुकला लोंबकळत नेऊ नका. देठांच्या टोकाला ओला कापूस किंवा टिश्यू आणि वर पिशवी बांधायला दुकानदाराला सांगा, कोणीही बांधून देतं. एप्रिल-मेमध्ये बंद कारमध्ये फुलं ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. सिटीलिंकच्या शहर बसने जाणार असाल तर गर्दीची वेळ टाळा. आणि पिकलेल्या केळ्यांच्या, आंब्यांच्या पिशवीत फुलं घालू नका. पिकत्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने फुलं लवकर सुकतात. कार्नेशन तर फारच लवकर.

७. देताना दोन वाक्यं बोला

ज्यांना फुलं देताय त्यांना ती कशी ठेवायची हे तोंडी सांगा. देठ तिरका, बोटाच्या पेराएवढा कापायचा, धारदार सुरीने. कात्रीने देठ चेपतो. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, नाहीतर ती कुजतात. पाणी रोज बदलायचं आणि एक दिवसाआड देठ पुन्हा थोडा कापायचा. जरबेऱ्याला दोन बोटं पाणी पुरतं, जास्त पाण्यात त्याचा देठ सडतो. गुलाबाला अर्धी फुलदाणी भरून पाणी लागतं. पंख्याखाली आणि टीव्हीच्या वर ठेवायचं नाही.

त्या घरी फुलदाणी आहे का, याचाही आधी विचार करा. भाड्याने खोली घेऊन राहणाऱ्या मुलांकडे, नवीन संसारात ती बहुधा नसते. तेव्हा फुलांबरोबर काचेची साधी बरणी घेऊन जा. पोचल्या पोचल्या आपणच तिच्यात पाणी भरा, देठ कापा आणि फुलं लावून द्या.